विषय: ५५ च्या पुढच्यांच्या पार्कातलं घर घ्यावं का?

प्रेषक: नाना, सॅन होजे, कॅलिफोर्निया
मंगळवार, रात्री

नमस्कार मंडळी,

चार वर्षं आम्ही दोघं मुलीकडे राहतोय. तिने काही कमी केलेलं नाही. पण नातवंडं मोठी झाली, त्यांना आपापली खोली हवी, आणि आम्हालाही आता आपलं दार आपण लावावंसं वाटतं. पुण्याचा फ्लॅट विकून जे हाती येईल त्यात इथे साधा काँडोसुद्धा बसत नाही. म्हणून ५५ वर्षांच्या पुढच्यांसाठीच्या एका मोबाइल होम पार्कात, म्हणजे कारखान्यात बांधलेली घरं भाड्याच्या जागेवर आणून बसवलेल्या वसाहतीत, तयार घर बघितलं. डबल-वाइड (दोन भाग जोडून केलेलं), दोन बेडरूम, १९७८ सालचं. स्वयंपाकघर नवंकोरं केलंय, पुढे तुळस ठेवायला छान ऊन आहे. जागेचं भाडं वेगळं द्यावं लागतं म्हणे. एजंट म्हणतो, आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, रविवारपर्यंत कळवा.

मी ७१, ही ६६. ज्यांनी असं घर घेतलंय त्यांनी कृपया सांगावं.

– नाना


प्रेषक: ताई, सॅन होजे
बुधवार, सकाळी

नाना, नमस्कार.

रविवारपर्यंत काहीही कळवू नका. मी नऊ वर्षं अशाच पार्कात राहते आहे. आधी आम्ही दोघं होतो, गेली दोन वर्षं मी एकटी. घर घेतल्याचा पश्चात्ताप नाही. शेजारपाजार इतका चांगला आहे की हे गेले तेव्हा पंधरा दिवस माझ्या घरी चूल पेटवावी लागली नाही. पण घर घेताना आम्ही नको ते बघत बसलो आणि बघायचं ते राहून गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही स्वयंपाकघराचं कौतुक लिहिलंत आणि भाड्यावर एकच ओळ. नाना, भाडं आधी. तुम्ही घेताय ते नुसतं घर. खालची जमीन पार्कवाल्याची, आणि तिचं भाडं दर महिन्याला, राहाल तोवर. याला मोबाइल होम म्हणतात ते नावापुरतं. एकदा बसवलेलं घर सहसा कोणी हलवत नाही. खर्च फार, आणि जुनं घर दुसऱ्या पार्कात कोणी घेत नाही. भाडं झेपेना झालं तर विकूनच बाहेर पडायचं. आणि भाडं जितकं जास्त, तितके घेणारा घराचे कमी देतो.

आत्ताचा मालक किती भाडं भरतो हे एजंट सांगेल. ते धरून चालू नका. तुम्हाला किती पडेल हे पार्कच्या ऑफिसातून लेखी घ्या. घर घेऊ इच्छिणाऱ्याला द्यायचा माहितीचा फॉर्म कॅलिफोर्नियाच्या मोबाइल होम कायद्यातच आहे, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. आम्ही मागितला नाही. आधीच्या बाईंच्या भाड्यावर सगळा हिशेब केला आणि करारावर सही करायला बसलो तेव्हा आकडा महिन्याला अडीचशे डॉलरनी जास्त. इसार देऊन झाला होता. ह्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

मग वाढ. सॅन होजे शहराचा यासाठी वेगळा नियम आहे. सप्टेंबर १९७९ च्या आधीच्या जागांना वर्षाची वाढ महागाई निर्देशांकाच्या वाढीच्या ७५ टक्के, पण ३ टक्क्यांपेक्षा कमी नाही आणि ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. वाढवण्याआधी ९० दिवस लेखी नोटीस. शहराच्या हद्दीपलीकडे हा नियम नाही, तेव्हा पार्क नेमकं कोणत्या हद्दीत येतं ते बघा. पंधराशे डॉलर दरसाल ३ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांत दोन हजारांच्या थोडे वर जातात. ७ टक्क्यांनी वाढले तर जवळजवळ दुप्पट होतात. तुमचं पेन्शन रुपयांत आहे. हे गणित काकूंना शेजारी बसवून करा.

आता घर. १५ जून १९७६ पासून ही घरं केंद्र सरकारच्या ‘हड’ या गृहनिर्माण खात्याच्या नियमाने कारखान्यात बांधली जातात. तुमचं त्यानंतरचं आहे, ही जमेची बाजू. बाहेरच्या भिंतीवर टोकाला लहानशी लाल धातूची पट्टी असते. डबल-वाइड म्हणजे दोन भाग, म्हणून पट्ट्या दोन. आत कपाटाच्या दारामागे नाहीतर विजेच्या पॅनेलजवळ माहितीचा कागद चिकटवलेला असतो. दोन्ही नजरेने बघा. पट्ट्या नसतील तर विमा आणि कर्ज दोन्हीला अडचण येते.

नव्या स्वयंपाकघरावर जाऊ नका, घरातल्या पायाखालच्या जमिनीवर जा. जुन्या घरांत तळाला भुशाच्या दाबलेल्या फळ्या असतात, पाणी लागलं की फुगतात आणि मग मऊ पडतात. वरून नवं व्हिनिल घातलं की डोळ्यांना काही दिसत नाही. चप्पल काढून टबाजवळ, कमोडजवळ, वॉशिंग मशीनजवळ टाच दाबत चाला. आमच्याकडे दुसऱ्याच वर्षी न्हाणीतली जमीन खचली. पाइप राखाडी प्लास्टिकचे असतील तर ते बदलायचा खर्च धरून चाला. १९७८ पासून १९९५ पर्यंत ते सर्रास वापरले आणि पुढे फुटायला लागले. दिवाणखान्यात मधोमध एक लिंबू ठेवा. घरंगळलं तर घर समपातळीत नाही.

आणि खाली बघितल्याशिवाय घर घेऊ नका. घराच्या कडेने जी झालर असते तिला एक छोटं दार असतं. ते उघडायला लावून बॅटरीने बघा, किंवा या घरांची माहिती असलेल्या तपासनिसाला आत घाला. घराच्या तळाचं आवरण फाटलंय का, उंदीर आहेत का, टेकू सरळ आहेत का, भूकंपासाठीचे आधार लावलेत का. २४ ऑगस्ट २०१४ ला नापाला भूकंप झाला तेव्हा अशी घरं टेकूंवरून खाली आली, आणि एका पार्कात आग लागून घरं जळाली. आम्ही ते वाचून मग आधार लावून घेतले.

घाई करणाऱ्या एजंटाला सांगा, ताई म्हणाल्या थांबा.

– ताई


प्रेषक: मिलपिटासचा एक सभासद
बुधवार, दुपारी

नाना, ताईंच्या पत्रात कागदपत्रांची भर घालतो. या घराची मालकी जमिनीसारखी काउंटीत नोंदलेली नसते. राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, जवळजवळ गाडीसारखी, नोंद असते. १ जुलै १९८० च्या आधी पहिल्यांदा विकलेल्या घरांवर बहुधा मालमत्ता कराऐवजी वार्षिक परवाना शुल्क लागतं. तुमचं त्यातलं असावं, जुनी थकबाकी नाही ना ते तपासा. नेहमीचं गृहकर्ज यावर मिळत नाही. मिळतं ते चढ्या व्याजाचं आणि कमी मुदतीचं.

आणि एक, जे लिहायला जड जातं. माझी आई अशाच पार्कात राहायची. ती गेल्यावर घर आमच्या नावावर आलं, पण मी तेव्हा ४८ चा होतो. अशा पार्कात किमान ८० टक्के घरांत निदान एक जण ५५ च्या पुढचा हवा असा १९९५ चा केंद्राचा कायदा आहे, आणि त्या पार्कचा नियम त्याहून कडक होता. मला तिथे राहता येईना. घर विकायला सात महिने लागले आणि सातही महिने आम्ही जागेचं भाडं भरत होतो. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलीला आत्ताच सगळं सांगून ठेवा. नोंद दोघांच्या नावे करा, मागे राहणाऱ्याला सगळं आपोआप मिळेल अशी. पुढचा वारसही त्याच खात्याकडे लिहून ठेवता येतो.


प्रेषक: सँटा रोझाची वहिनी
बुधवार, रात्री

आमच्या गावात ‘जर्नीज एंड’ नावाचं ज्येष्ठांचं पार्क होतं. ऑक्टोबर २०१७ च्या आगीत त्यातली बहुतेक घरं गेली. जी वाचली त्यांचेही पाण्या-विजेचे मार्ग उद्ध्वस्त झाले होते, त्यामुळे त्यांनाही परत राहायला जाता आलं नाही. आता तिथे अपार्टमेंट उभी राहिली आहेत. घर आपलं आणि जमीन दुसऱ्याची म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. रहिवाशांनी मिळून जमीन घेतलेली पार्कंही असतात, तिथे जमिनीतला हिस्सा घ्यावा लागतो म्हणून किंमत जास्त पडते. परवडत असेल तर एखादं अवश्य बघा.


प्रेषक: ताई
गुरुवार, सकाळी

काकूंनी काल फोनवर विचारलं, सांगलीची बहीण येऊन राहिली तर चालेल का. चालेल. सलग २० दिवसांपेक्षा किंवा वर्षात एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम झाला तरच पार्क पाहुण्याचे पैसे मागू शकतं. पुढेमागे सांभाळायला माणूस घरात ठेवावा लागला तर त्याचेही पैसे लावता येत नाहीत. मात्र त्या माणसाला पार्कात राहण्याचा स्वतःचा हक्क नसतो. आणि काकू, दाराच्या पायऱ्या मोजा.


प्रेषक: नाना
रविवार, रात्री

सर्वांना नमस्कार.

शनिवारी परत गेलो, मुलीलाही नेलं. लाल पट्ट्या दोन्ही सापडल्या. लिंबू दिवाणखान्यातून थेट खिडकीखाली गेलं. टबाजवळ टाच टेकली तर जमीन स्पंजासारखी दबली, आणि खालचं दार उघडायला एजंट तयार होईना. ऑफिसातल्या बाईंनी मात्र फॉर्म लगेच काढून दिला. आम्हाला जे भाडं पडणार होतं ते आत्ताच्या मालकापेक्षा बरंच जास्त आहे. हिने पायऱ्या मोजल्या. पाच, आणि कठडा हलतो. तिचा उजवा गुडघा तुम्हाला माहीत आहेच.

आज एजंटाला नाही सांगितलं. मुलगी घरी येताना गाडीत रडली. आई-बाबांना आपलं घर नकोसं झालंय असं तिला महिनाभर वाटत होतं, ते तिने आज बोलून दाखवलं. बराच वेळ बोलत बसलो. तिच्यापासून दहा मिनिटांच्या आतच राहायचं, हे आता नक्की ठरलं आहे.

ताई, तुमच्या पार्कात दोन घरांवर विक्रीची पाटी आहे असं हिला कळलंय. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं येतो. त्यांचं खालचं दार उघडून देतील का, तेवढं आधी विचारून ठेवाल का?

– नाना