बीएस्सी पहिलं वर्ष: टायट्रेशनला पोरं रडकुंडीला येतात

प्रश्न (सातारा):
पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलं घेतो. माण-खटावकडची बरीच पोरं ब्युरेट (द्रावण थेंबथेंब सोडायची, खुणा असलेली काचेची नळी) पहिल्यांदाच हातात धरतात. काल एकीचं परमँगनेटचं टायट्रेशन (ब्युरेटमधलं जांभळं परमँगनेट ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये थेंबथेंब सोडून किती लागतं ते मोजायचं) तीनदा फसलं, तिन्ही वेळा तपकिरी गाळ. म्हणाली, "सर, गरम करायचं होतं?" कृती इंग्रजीत, तिनं वाचलीच नव्हती. काय करावं?

निवृत्त लॅब असिस्टंट, सांगली:
गाळ म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं असेल, किंवा घाई झाली. ऑक्झॅलिक ६०-७० अंशाला ठेवा. पहिल्या थेंबांचा रंग लवकर जात नाही, मँगनीजचे आयन तयार झाले की वेग येतो. हे आधीच सांगा, नाहीतर पोरं ब्युरेटचा कॉक (तोटी) सोडून मोकळी!

दुसऱ्या वर्षाची, दहिवडी:
मला 'मेनिस्कस' म्हणजे काय हे विचारायची लाज वाटायची. शेवटी एका ताईनं दाखवलं: नळीतल्या द्रावणाचा वक्र पृष्ठभाग म्हणजे मेनिस्कस; जांभळं द्रावण गडद, खालची कड दिसत नाही, म्हणून वरची वाचायची. सर, सिनियर बसवा शेजारी. तुम्हाला नाही विचारणार कुणी.

प्रश्नकर्ता:
पटलं. घाईचं कारणही आज कळलं. तिची एसटी पावणेपाचची, त्यानंतरची थेट सातची. तिची बॅच आता सकाळी घेतो.