रीट्राय टाकला की फॉल्ट टॉलरन्स झाला? अजिबात नाही

पवईकर:
काल इथे एकाने लिहिलं, "टूलकिट-बिलकिट कशाला? दोन सर्व्हर ठेवा, डेटाबेसमध्ये लॉक टाका, अडकलं तर रीट्राय." वाचून डोकं फिरलं. फॉल्ट टॉलरन्स म्हणजे एखादा भाग पडला तरी काम बरोबर चालू राहणं, ते नुसत्या रीट्रायने, म्हणजे पुन्हा प्रयत्न करून, येत नाही. टूलकिट म्हणजे अनेक सर्व्हरचा ताळमेळ ठेवणारं तयार सॉफ्टवेअर. एक सर्व्हर महापेला, दुसरा ऐरोलीला. मधली लाइन तुटली की दोघेही जिवंत आणि दोघेही स्वतःला प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर, समजणार. दोनात बहुमत होत नाही, तीन लागतात.

समोरचा मेलाय की नुसता हळू झालाय, हे बाहेरून कळत नाही, सगळा घोळ तिथे आहे. १९८० च्या दशकात कॉर्नेलला केन बर्मन यांनी आयसिस टूलकिट केलं ते यासाठीच: गटात आत्ता कोण आहे यावर सगळ्यांचं एकमत. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने ते वापरलं. ते लोक काय वेडे होते?

आमच्याकडे घडलेलं सांगतो. लॉक, म्हणजे 'हे काम आत्ता फक्त माझं' ही मुदतीची खूण. तो घेतलेली प्रोसेस (चालू प्रोग्राम) जावाच्या जीसीत, म्हणजे मेमरीच्या साफसफाईत, थिजली. मुदत संपली, दुसरीने लॉक घेऊन पैसे पाठवले. पहिली जागी झाली, तिच्या लेखी लॉक तिचाच. तिनेही पाठवले. रीट्राय काय करणार इथे?

ठाणे पूर्व:
मग झूकीपर (लॉक सांभाळणारं असंच एक टूलकिट) असता तरी तेच झालं असतं! लॉकसोबत चढता नंबर द्यायचा आणि जुना नंबर घेऊन आलेल्याला स्टोरेजने हाकलायचं, हा चेक तुम्हालाच लिहावा लागतो. टूलकिट लिहून देत नाही.

आम्ही एटसीडी आणलं, झूकीपरसारखंच: त्यातले सर्व्हर आपसात एक लीडर निवडतात. कोणीतरी ते बॅकअपच्याच डिस्कवर बसवलं. हार्टबीट, म्हणजे लीडरचा 'मी जिवंत आहे' हा इशारा, दर १०० मिलिसेकंदाला; इलेक्शन टाइमआउट, म्हणजे इशारा नाही आला तर नवा लीडर निवडायची मुदत, १०००. रात्री बॅकअप सुरू झाला की डिस्क रांगायची आणि लीडर बदलत बसायचा. फोन मला यायचा. काढून टाकलं, आता शांत झोपतो.

माहीमची:
डिस्क वेगळी आणि वेगवान द्या, हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट आहे. ते न वाचता टूलकिटच्या नावाने खडे फोडू नका.

कळवा कारशेड:
विषय निघालाच आहे तर अक्काबद्दल बोला ना, तेही अनेक सर्व्हरवर काम वाटणारं टूलकिटच. सप्टेंबर २०२२ ला ते बनवणाऱ्या लाइटबेंड कंपनीने अपाचीचा खुला परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं. वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या वर उलाढाल असेल तर पैसे मोजा. आमचा पूर्ण सेटलमेंटचा कोड त्यावर. टूलकिट घेताय म्हणजे घराची किल्ली दुसऱ्याकडे देताय.

माहीमची:
अक्काच्या जुन्या खुल्या २.६ आवृत्तीवरूनच अपाची फाउंडेशनकडे पेको निघालं. कोडमधली इम्पोर्टची नावं बदला, संपलं. आणि २००९ पासून ज्यांनी कोड सांभाळला त्यांनी पैसे मागितले तर चुकलं काय? तुमच्या कंपनीने एक पॅच (कोडमधली दुरुस्ती) तरी पाठवला होता का?

कळवा कारशेड:
ताई, "इम्पोर्ट बदला" म्हणणाऱ्याने चालू क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारे सर्व्हर, कधी हलवलेला नसतो. पेको १.० च्या वेळी अक्काचे आणि पेकोचे नोड एका क्लस्टरमध्ये नांदत नव्हते. आख्खा क्लस्टर बंद करून उठवावा लागला, आणि ती वेळ क्लायंटकडून मागून घ्यायला मीच समोर बसलो होतो. पॅच पाठवायला कंपनीची परवानगी नव्हती, त्याचा जाब मला का?

माहीमची:
ठीक आहे, बंद करावा लागला हे धरते. पॅचचं तुमच्यावर व्यक्तिशः नव्हतं. पण मग एर्लँग ही भाषा घ्या. एरिक्सनने १९९८ लाच ओपन सोर्स केलंय, आणि प्रोसेस पडली तर तिच्यावर लक्ष ठेवणारी दुसरी प्रोसेस, सुपरवायझर, तिला उठवते.

पवईकर:
सुपरवायझर पडलेल्या प्रोसेसला उठवते, तुटलेल्या लाइनला नाही. आणि परवान्याचं भांडण वेगळ्या धाग्यात न्या, मूळ प्रश्न बाजूलाच पडला. ठाणे पूर्व, चेक स्वतः लिहावा लागतो हे मान्य. पण तो चढता नंबर देणार कोण? झूकीपर आयता देतो. तुमच्याकडे?

ठाणे पूर्व:
पोस्टग्रेस डेटाबेसचा सीक्वेन्स, म्हणजे त्यातला चढते नंबर देणारा काउंटर. एवढ्यासाठी क्लस्टर पोसणार नाही.

पवईकर:
आणि पोस्टग्रेस पडला तर?

ठाणे पूर्व:
पॅट्रोनी आहे, फेलओव्हर करतो, म्हणजे मुख्य डेटाबेस पडला की दुसऱ्याला पुढे आणतो.

पवईकर:
पॅट्रोनी लीडरची नोंद कुठे ठेवतो ते कॉन्फिगमध्ये बघून या. एटसीडी, कॉन्सल नाहीतर झूकीपर, बहुतेक यातलंच एखादं टूलकिट निघेल.

ठाणे पूर्व:
बघितलं. एटसीडी आहे, डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएवाल्यांनी बसवलेलं. पण डिस्क वेगळी दिलीय त्यांनी, आणि रात्रीचा फोन त्यांनाच जातो. माझ्या सर्व्हिसमध्ये तरीही आणणार नाही.