ध्वज देण्याआधी एवढं नक्की करा

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला दुसऱ्या महायुद्धातला हवाई दलाचा ध्वज तुम्ही संग्रहालयाला देताय, हे वाचून फार बरं वाटलं. पण देण्याआधी तो धुऊन, इस्त्री करून देणार म्हणालात, ते कृपया करू नका! त्या काळचे असे ध्वज बहुधा लोकरी बंटिंगचे (ध्वजासाठीच्या पातळ कापडाचे) असत, पाण्याने रंग फुटतो. घडीही घालू नका. आईची पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली आणि तिची जरीची तार नेमकी त्या रेषेवर तुटली, मी पाहिलंय. मलमलीत घेऊन जाड नळीवर सैल गुंडाळा.

दोरीच्या बाजूची जाड कापडी पट्टी उजेडात बघा. मुकुट आणि 'एएम' (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालय) असा शिक्का, कधी सालही असतं. तुमच्या फोटोत ध्वजावरच्या गोलात मधे लाल ठिपका दिसतोय, त्याने गोंधळू नका. ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांवरून तो काढला होता, जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गल्लत नको म्हणून.

आजोबा पुण्याजवळ लोहगावच्या हवाई तळावर होते ना? तो तळ १९३९चा, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारलेला. त्यांची नेमणूक, साल, ध्वज घरी कसा आला, सगळं आजींकडून आजच लिहून घ्या आणि तो कागद ध्वजासोबतच द्या.