अपघातात प्लीहा (स्प्लीन) फुटली, तर पोट उघडायचं की आतूनच धमनी बंद करायची?

सह्यकडा: प्लीहा फुटलीय, पण रक्तदाब टिकून आहे, अशा पेशंटचं पोट उघडायची घाई आता थांबायला हवी. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट प्लीहेच्या धमनीपर्यंत नेता येते. डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडला की रक्त कुठून झिरपतंय ते पडद्यावर दिसतं. तिथे धमनी बुजवणारी धातूची कॉइल किंवा जेलफोमचे स्पंजासारखे तुकडे सोडले की काम झालं. पोटावर टाके नाहीत आणि प्लीहा जागेवर राहते. ती काढली, तर न्यूमोकोकससारख्या जंतूंची धास्ती जन्मभर. अँजिओप्लास्टीसाठी रात्री कॅथलॅब उघडतात, मग यासाठी का नाही?

गोदाकाठ: मी सर्जन आहे. लॅब उघडेलही, पण आत उभं कोण राहणार? हृदयाच्या धमन्यांत तरबेज असलेला डॉक्टर प्लीहेतही तरबेज असेलच असं नाही. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे असं नळीचं काम करणारे डॉक्टर, बहुतेक मोठ्या शहरांतच सापडतात. आणि रक्त देऊनही ज्याचं बीपी वर येत नाही, त्याला टीम जमेपर्यंत ताटकळत ठेवणार का? मी पोट उघडून चारही कोपऱ्यांत मॉप (कापडी घड्या) दाबतो, काही मिनिटांत रक्त आटोक्यात येतं. नव्या तंत्राचा उत्साह किती महागात पडतो ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे १६ ट्रॉमा सेंटरांत ९० जखमींवर महाधमनीत फुगा फुगवून रक्तस्राव रोखण्याची चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ साली आले. ९० दिवसांत फुग्याच्या गटात ५४ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२.

सह्यकडा: त्या चाचणीचा दाखला इथे लागू होत नाही. फुगा महाधमनीच अडवतो, खालच्या सगळ्या अवयवांचं रक्त तुटतं. मी बोलतोय ते फक्त वाहणारी फांदी बंद करण्याबद्दल. आणि बीपी कोसळलेला पेशंट तुमचाच, हे मी पहिल्याच वाक्यात मान्य केलंय. बाकीच्यांच्या नातेवाइकांना हा पर्याय कुणी सांगतही नाही, माझा राग त्यावर आहे.

माणदेशी: तुमचा दोघांचा वाद मोठ्या दवाखान्याच्या दारात सुरू होतो. मी तालुक्याला कॅज्युअल्टीत काम करते. पेशंट तिथवर जिवंत पोचला पाहिजे ना? रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड स्वस्त आहे, मार लागल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं असतं. २०१० साली वीस हजारांवर जखमींवरच्या चाचणीत त्यानं जीव वाचतात हे दिसलं. तरी रेफरच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख क्वचितच असतो. पैसा आधी रक्तसाठ्यावर घाला, कॉइलचं नंतर बघू.

गोदाकाठ: माणदेशी, शंभर टक्के. कंबरेच्या हाडांचा चुरा झाला असेल तर तिथे मीही कॉइल मागतो, कारण त्या धमनीपर्यंत चाकूनं पोचणं कठीण. पण तिथलं बरंचसं रक्त शिरांतून आणि हाडांतून येतं, कॉइलनं ते थांबत नाही. साधी चादर आवळून बांधा, तीही पोटावर नाही, मांडीच्या हाडांच्या वरच्या उंचवट्यांवर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची ती पोटावरच बांधलेली असते.

सह्यकडा: चादर बांधा, औषध द्या, रक्तही द्या. त्यानंतर पेशंट स्थिर झाला, सीटीत धमनीतून डाय बाहेर सांडताना दिसला आणि लॅब तासाभराच्या अंतरावर असली, तर तुम्ही पाठवाल का? हो की नाही, एवढंच सांगा.

गोदाकाठ: प्लीहेसाठी नाही. तासाभरात ती पुन्हा फुटली तर ॲम्ब्युलन्समध्ये पोट कोण उघडणार?