मदत हवी आहे: रीफ टँकमधले डायनो जाता जात नाहीत

मंडळी, प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा टँक २०० लिटरचा. महिनाभर वाळूवर, खडकांवर डायनोंचा (डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशी सूक्ष्मजीव) तपकिरी, शेंबडासारखा थर धरतोय, त्यात बुडबुडे अडकलेले. सकाळी दिवे लागायच्या आधी जवळपास गायब, दुपारी पुन्हा तेच. तीन गोगलगायी मेल्या. चूक माझीच, पाणी चकाचक ठेवायच्या नादात नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलं. आता ५ आणि ०.०५ पीपीएमवर आणलंय. तीन दिवस काळोख केला, चौथ्या दिवशी स्वारी हजर!

लेकाच्या मायक्रोस्कोपखाली थेंबासारख्या पेशी दिसल्या, एका टोकाला दोरीने बांधल्यासारख्या गरगर फिरणाऱ्या. डायनोंमधला ऑस्ट्रिऑप्सिस हाच प्रकार ना हा? तसं असेल तर रात्री पाण्यात सुटतात, म्हणजे यूव्ही (पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा अतिनील दिवा) चालेल. ॲम्फिडिनियम हा दुसरा प्रकार असेल तर पैसे पाण्यात, ते वाळू सोडत नाही. यूव्ही किती वॅटचा घेऊ? थेट टँकला जोडू की संपमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत)?