'मिस करणे'ला मराठीत काय म्हणायचं? (मुकणे, अंतरणे, पारखं होणे… आणि रास्ता पेठ)

रास्तापेठवाली

सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी दोन पानं लिहायला घेतली आणि तिसऱ्याच वाक्यात गाडं अडलं. वाक्य असं: 'हिंजवडीला येऊन अकरा वर्षं झाली, तरी मी रास्ता पेठ मिस करते.' बोलताना हेच बोलते, काही खटकत नाही. कागदावर उतरलं आणि डोळ्यात कुसळ गेलं. खोडून 'आठवण येते' केलं, तर ते अगदीच आळणी. आठवण मला गेल्या पावसाळ्यात रिक्षात राहिलेल्या छत्रीचीही येते.

मला म्हणायचंय ते असं. आमच्या वाड्यात खाली तमिळ बिऱ्हाड होतं, गृहस्थ मिलिटरी अकाउंट्समध्ये. सकाळी सहाला त्यांच्या फिल्टरमधून डिकॉक्शन ठिबकायला लागलं की वर आमच्या माडीवर गजर नको असायचा. जवळच बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सुक्कथ शलोमो हे सिनेगॉग, 1921 सालचं. क्वार्टर गेटला सिटी चर्च, त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी 1792 साली दिलेली. पुढं नाना पेठ, भवानी पेठ, आणि कॅम्पात शिरलं की बोहरी, पारशी, इराणी. अर्धा तास पायी फिरलं तर पाच तऱ्हेचे वास नाकाला लागायचे. इथं चौदाव्या मजल्याखाली फूड कोर्ट आहे. डोसा आहे, बिर्याणी आहे, मोमो आहेत, वास मात्र सगळ्यांना मिळून एकच.

तर प्रश्न दोन. या भावनेला क्रियापद कुठलं? आणि एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या भागाला काय म्हणायचं? 'वस्ती' लिहिलं तर आमच्याकडचे वेगळाच अर्थ काढतील. 'मोहल्ला' म्हटलं की बोट एकाच धर्माकडं जातं.

सदाशिवपेठी

हिंजवडीहून मनपाची बस सुटते. क्रियापद 'जाणे'.

कोशकिडा

सदाशिवपेठी, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण प्रश्न दुसरा आहे.

ताई, मराठीत या कामाला निदान चार शब्द आहेत आणि चौघांचे स्वभाव वेगळे.

मुकणे: हातची गोष्ट गेली, परत येणार नाही. 'गाडी उशिरा आली आणि पहिल्या पंगतीला मुकलो.' यात हळहळ असते. तळमळ असेलच असं नाही.

अंतरणे: यात 'अंतर' आहे. नातं होतं, मध्ये फट पडली. 'भाऊ भावाला अंतरला.' खाण्यापिण्याला लावलं तर जरा जड होतं. बासुंदीला अंतरलो म्हटलं तर डॉक्टरांनी साखर बंद केल्याचा वास येतो.

चुकल्याचुकल्यासारखं वाटणे: मला फार आवडणारा प्रयोग. 'चुकणे' म्हणजे हुकणे, 'गाडी चुकली'मधला. पण इथं चुकलं आहे कोण? कळपातून वासरू चुकतं तसे आपणच चुकलेलो असतो. हा शब्द थोड्या दिवसांचा मात्र. लेक चार दिवस सहलीला गेली की घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं. अकरा वर्षं चुकल्याचुकल्यासारखं वाटत असेल तर वाट विचारायला हवी होती.

आणि पारखा होणे. पारखा म्हणजे परका. 'मी त्या चवीला पारखा झालो.' म्हणजे चव जिथल्या तिथं आहे, इराण्याच्या भट्टीतून रोज खारी निघते आहे, परका मी झालो. तुमच्या वाक्याला हाच शब्द बसेल. रास्ता पेठ काही हरवलेली नाही.

आणखी एक गंमत. 'मिस करते' म्हटलं की रास्ता पेठ हे आपलं कर्म होतं, आपण तिला काहीतरी करतोय असं. मुकणे, अंतरणे, पारखं होणे या तिन्हींना '-ला' लागतो: पेठेला मुकले, पेठेला अंतरले, पेठेला पारखी झाले. आपण पेठेला काही करत नाही. जे व्हायचं ते आपलं होतं.

रायगडचा

आमच्याकडं 'खंत घेणे' म्हणतात. पोरानं आईची खंत घेतली, गाईनं वासराची खंत घेतली. म्हणजे खाणंपिणं सोडलं. शहरी मराठीत 'खंत' म्हणजे नुसता पश्चात्ताप उरलाय, 'खंत व्यक्त केली' छापाचा.

सिनेगॉगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बेने इस्राएल मूळ आमच्या रायगड, तेव्हाच्या कुलाबा, जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ते स्वतः सिनेगॉगला मराठीत 'मशीद' म्हणायचे. आणि तुमच्या पुण्यात, कॅम्पात, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, 1867 साली पुरं झालेलं लाल विटांचं सिनेगॉग आहे, त्याला सगळं गाव 'लाल देऊळ' म्हणतं. ज्यूंची प्रार्थना, एकीकडं मशीद, एकीकडं देऊळ. भाषेला काही अडलं नाही.

लष्करवाली

कॅम्प, कॅम्प काय चाललंय? आमच्या लहानपणी पेठेतली म्हातारी माणसं 'लष्कर' म्हणायची. पोलीस ठाण्याचं नाव अजून लष्करच आहे. 1817 मध्ये खडकीची लढाई झाली, इंग्रजांनी गावाबाहेर तळ टाकला, तेव्हापासूनचं. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं विचारलं, "सून दिसत नाही?" आमचे मामंजी पक्के पुणेकर, म्हणाले, "लष्करात गेलीय." सासूबाईंच्या माहेरी घरटी एक माणूस फौजेत. त्या आतून धावत आल्या, "अगं बाई, मला न सांगता?" मी शिवाजी मार्केटात मासळी आणायला गेले होते.

आता माझी एक फजिती. भावाच्या साखरपुड्याला मी हौसेनं धनसाक केलं. शेजारच्या पारशी बाईंना पहिलं ताट नेऊन दिलं. त्या ताटाकडं बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "छान आहे, पण मुलीकडच्यांना सांगू नको." त्यांच्यात घरी कुणी गेलं की चौथ्या दिवशी धनसाक करतात, एरवी रविवारी. शुभकार्याला कधी नाही. धान आणि साक, म्हणजे भात आणि त्यावरचं डाळभाजीचं कालवण, एवढा साधा शब्द. कुठल्या दिवशी करायचं नाही ते कोशात लिहिलेलं नसतं, शेजारी पारशी असावा लागतो.

पिंपरीकर

लष्करवाल्या ताईंना नम्रपणे सांगतो, पिंपरीत 'कॅम्पात जातो' म्हटलं तर लष्करही नाही आणि इराणीही नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पडली, तो आमचा कॅम्प. रविवारी सकाळी तिथं दाल पकवान. आमची आजी पहिल्यांदा आली तेव्हा 'पकवान' ऐकून जिलबीसारखं काहीतरी गोड येईल म्हणून ताट पुसून बसली. आला तळलेला कडक पापुद्रा आणि वर चण्याची डाळ, कांदा. "हे कसलं पक्वान्न," म्हणाली, आणि दोन संपवले.

संभाजीनगरला यालाच छावणी म्हणतात. लष्कर, कॅम्प, छावणी, गोष्ट एकच. पुण्याच्या पेठेतल्यांना सैन्य आठवलं, आम्हाला तंबू.

कोशकिडा

रास्तापेठवाल्या ताईंचा दुसरा प्रश्न राहूनच जातोय.

मराठीत त्यासाठी एकच नाम मिळणार नाही, कारण तशी गरज पडली नाही. आळी म्हणजे ओळ, घरांची रांग. तिला कधी धंद्याचं नाव लागलं, तांबट आळी, बुरुड आळी. कधी माणसांचं, बोहरी आळी. मोमीनपुऱ्यात 'पुरा' आला. 'पेठ' तर बाजाराचा शब्द, कानड्यांची 'पेटे' तीच, बंगळूरची चिकपेट आठवा. एका समाजाचा भाग आणि एका धंद्याचा भाग असा भेद जुन्या पुण्यानं नावात केलाच नाही. समाज हाच धंदा होता, हेही त्यामागं आहे. त्याचं फार कौतुक करायला नको. कोण कुठं राहणार हे नेहमी आवडीनं ठरलेलं नव्हतं.

पण मराठीनं एक सोय केली. 'इराण्याकडे बसलो होतो.' 'उडप्याकडे इडली खाऊ.' 'वाण्याकडून गूळ आण.' दुकान म्हणजे माणूसच. तुमच्या फूड कोर्टाला हे लावून बघा. फूड कोर्टात जाता येतं, फूड कोर्टाकडे बसता येत नाही. पत्ता विचारणाऱ्यालाच 'फूड कोर्टाकडे' म्हणावं लागतं. ताई, तुम्ही पारख्या झालात त्या या 'कडे'ला.

सदाशिवपेठी

आमच्या शेजारच्या नारायण पेठेत मोदी गणपती आहे. खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थांच्या बागेतला, म्हणून मोदी. पेठेत फक्त आम्हीच राहत होतो असं वाटणाऱ्यांसाठी माहिती. स्वतःलाही धरून.

'पारखी झाले' असं छापू नका मात्र. लोकांना रत्नपारखी वाटेल.

रास्तापेठवाली

'पेठेची पारखी' म्हटलं तर जाणकार, 'पेठेला पारखी' म्हटलं तर परकी. '-ची' आणि '-ला'मध्ये अख्खा जन्म बदलतो. तरी तोच शब्द घेतेय.

कोशकिडा, 'कडे' वाचून थोडा वेळ गप्प बसले. आमच्या वाड्याशेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं. आई त्यांच्या आईंना वहिनी म्हणायची. घरात काही चांगलं घडलं, कुणी आजारातून उठलं, की ते एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायचे. मी पाटावर बसून बघायचे. पातळ पोहे पाण्यातून काढून परातीत निथळत ठेवायचे, मग त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि बोटांनी हलकं कालवायचं, पोहा मोडता कामा नये. कडेनं केळ्याच्या चकत्या, खजूर, सफरचंदाच्या फोडी. मध्ये पोह्यांची टेकडी. प्रार्थना हिब्रूत, आणि ती संपल्याबरोबर मराठीत, "पोरींनो, हात धुतले का?"

मोमीनपुऱ्यातली माझी वर्गमैत्रीण डब्यात मलिदा आणायची तो अगदी वेगळा: पोळी कुस्करून, गूळ, तूप. दोघींत कुणाचा खरा यावर आमचं मधल्या सुट्टीत भांडण झालेलं. आज कळतंय की शब्दाप्रमाणं तीच बरोबर होती. फारसीत मलिदा म्हणजे चोळलेलं, कुस्करलेलं; मालिश त्याच घरातला. वहिनींच्यात पोहा न मोडण्याची शर्थ, आणि नाव कुस्करलेल्याचं! आपण मराठी लोकांनी तर शब्द पार टेंडरात नेऊन घातला. माझ्या मुलाला मलिदा म्हणजे नगरसेवक खातात तो एवढंच माहीत.

ते कुटुंब पुढं इस्राएलला गेलं. वहिनी रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात आटवायच्या, तास न् तास ढवळत, आणि आई आमच्या कुरडयांचा चीक काढताना एक वाटी आठवणीनं बाजूला ठेवायची. वहिनी गेल्यावरच्या उन्हाळ्यात आईनं सवयीनं वाटी काढली. मग ती परत पातेल्यात ओतली. त्या वेळी आईला काय वाटलं असेल त्याला मुकणेही नाही, अंतरणेही नाही, रायगडच्या भाऊंचा 'खंत'च लागेल.

लष्करवाली

ताई, शनिवारी या. लाल देवळापासून चालत सुरू करू, कयानी बेकरीत रांग असेल, उभं राहू. चुकला फकीर मशिदीत सापडायचा, तशा तुम्ही खारीच्या टोपलीपाशी सापडाल.

रास्तापेठवाली

जाऊन आले. रांग होती. पेठेत आमच्या वाड्याच्या जागी सहा मजली इमारत, तळाला मोबाइल दुरुस्ती. तमिळ काकांचा मुलगा तिथंच वर फ्लॅटमध्ये. त्याच्याकडे कॉफी प्यायले. त्याच्याकडे, हे मुद्दाम लिहिते.

अंकही आला. संपादकांना 'पारखी' हा मुद्रणदोष वाटला. त्यांनी दुरुस्त करून छापलंय: 'हिंजवडीला आले आणि रास्ता पेठेला पोरकी झाले.'

कोशकिडा

व्याकरण बरोबर आहे. 'आईला पोरकी' होतंच.

सदाशिवपेठी

राहू द्या मग. शुद्धिपत्र काढू नका.