मदत हवी आहे: बेस गिटार बोटांनी की पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने)?

मंडळी, बेसवाल्यांनी जरा डोकं लावा. मी बँडमध्ये चार तारांचा बेस वाजवतो, आजवर बोटांनीच. अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या भागावर) टेकवायचा, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. संथ गाण्यांना तो गोल, जाड आवाज झकास बसतो. पण नवीन गाणी वेगवान आहेत. दोन्ही गिटार सुरू झाल्या की माझी ई तार (सगळ्यात जाड) नुसती घुमते, सूर कुठे सुरू झाला तेच कळत नाही. ड्रमरचं एकच पालुपद: पिक घे.

१ मिमीचा पिक घेतला. धार येते, वादच नाही. पण न वाजणाऱ्या तारा गप्प कशा ठेवायच्या? बोटांनी वाजवताना हात आपसूक त्यांच्यावर टेकतो. पिक धरला की तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा खाली जिथे टेकतात तिथे) ठेवावी लागते, आणि ती जरा जास्त दाबली की सूर 'ठक' होऊन मरतो.

'पिक म्हणजे गिटारवाल्यांची पळवाट' हे कृपया नको. अमेरिकन स्टुडिओ बेसवादक कॅरल के यांनी पिकनेच ढिगाने रेकॉर्डिंग केली. उलट आयर्न मेडन या मेटल बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस घोड्याच्या टापांसारखा वेगवान ठेकासुद्धा बोटांनीच वाजवतात, त्यामुळे नुसता वेग हे कारण मला पटत नाही.

तर, बोटांनीच पण ब्रिजकडे सरकून वाजवलं तर भागेल का? माझ्या तारा फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, मऊ आवाजाच्या) आहेत. आधी राउंडवाउंड (खरखरीत, धारदार आवाजाच्या) लावून बघू? आणि पिकच घ्यायचा तर जाडी किती? लवकर सांगा, प्रॅक्टिसची खोली ड्रमरची आहे.